तीन हॉर्न आणि एक गंजलेला बोल्ट

प्रस्तुत प्रकरण चिपळुणात वापरात असलेल्या, २०१५ साली घेतलेल्या एका छोट्या पेट्रोल मोटारीचे आहे. मोटार माझीच असून नोकरीनिमित्त ती आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जाते आणि त्याच वाटेने परत येते. लहान मोटारींना अनेकदा असतो तसा तिलाही कारखान्यातून एकच, चकतीच्या आकाराचा हॉर्न आलेला होता. तो पुढच्या जाळीमागे, रेडिएटरसमोरच्या उभ्या पट्टीला एका बोल्टने बसवलेला होता आणि त्याला एकच वायर जोडलेली होती. दुसरी वायर नसल्याने विजेचा परतीचा मार्ग म्हणजे हॉर्नची स्वतःची लोखंडी पट्टी, तो बोल्ट आणि गाडीचा पत्रा, एवढाच. ही एक गोष्ट सुरुवातीलाच कोणी नीट पाहिली असती, तर पुढचे हे लिखाण करण्याची वेळ आली नसती.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा गाडी आमच्या गल्लीच्या चढावर उभी होती. इंजिनापर्यंत पाणी पोहोचले नाही, परंतु बंपर निम्म्याहून अधिक बुडाला आणि पाणी ओसरल्यावर जाळीच्या आत बोटभर गाळ बसलेला आढळला. गाळ धुतला, गाडी चालू झाली, हॉर्नही वाजला. तेवढ्यावर समाधान मानले गेले. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या गाळात आहे असे माझे मत आहे. तथापि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तिथे पूर न येताही पाच-सहा वर्षांत हेच घडू शकले असते, हेही मान्य करायला हवे.

दोन वेळा केलेली एकच चूक

जून २०२२ मध्ये आवाज बसू लागला. सकाळी पहिल्यांदा दाबल्यावर ‘टक्’ एवढेच ऐकू येई, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला सर्दी झाल्यासारखा ओढलेला सूर निघे. जवळच्या गॅरेजमध्ये हॉर्नचा कपलर, म्हणजे वायरीच्या टोकाचा जोड, काढून त्यात टेस्ट लॅम्पचे, म्हणजे वीज येते का ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याचे, टोक खुपसण्यात आले, दिवा लख्ख पेटला आणि ‘करंट व्यवस्थित येतोय, हॉर्नच गेलाय’ असा निर्णय देण्यात आला. सहाशे पन्नास रुपयांत नवा हॉर्न बसला. तो पहिले काही आठवडे बरा वाजला, उन्हाळ्यात तर फारच छान वाजला आणि जुलै २०२३ मध्ये पहिल्याच्याच वाटेने गेला. दुसऱ्या गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्पऐवजी मल्टिमीटर वापरण्यात आला, त्यावर १२.४ व्होल्ट दिसले, आणि निदान मात्र शब्दशः तेच झाले. या वेळी बसवलेल्या तिसऱ्या हॉर्नच्या पाठीवरचा स्क्रू पिळून आवाज मोठा करून देण्यात आला. त्याचे मला तेव्हा कौतुकच वाटले होते.

टेस्ट लॅम्पची परीक्षा खोटी नव्हती, पण ती भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत होती. त्या दिव्याला जेमतेम पाव अँपिअर प्रवाह लागतो आणि हॉर्नला तीन ते पाच. त्यामुळे वाटेत कुठे सांधा कुजलेला असला तरी दिव्यापुरती वीज त्यातून सहज निसटते. दिव्याचा दुसरा चिमटा तर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावलेला होता. म्हणजे हॉर्नची पट्टी, बोल्ट आणि पत्रा हा परतीचा अर्धा रस्ता परीक्षेत आलाच नाही. मल्टिमीटरचे तसेच झाले. कपलर मोकळा असताना तारेतून प्रवाहच वाहत नाही, मग वाटेत होणारी व्होल्टची घट कुठून दिसणार?

जुलै २०२४ मधला प्रसंग थोडक्यात सांगतो. घाटात धुके इतके दाट होते की गाडीच्या बॉनेटपलीकडचे काही दिसत नव्हते. ‘हॉर्न वाजवा’ अशी पाटी असलेल्या वळणावर मी बटण दाबले आणि ‘टक्’ झाले. समोरून एसटी आली ती स्वतःचा भोंगा वाजवत आली म्हणून कळली. मी डावीकडे कठड्याला लागून थांबलो आणि बस हातभर अंतरावरून निघून गेली.

निदान

ऑगस्टमध्ये गाडी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. मी आधीच्या दोन्ही निदानांची हकिकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाले, “सर, तोटी बंद असताना पाइपात जोर असतोच. तोटी सोडा आणि मग बघा धार येते की टिपकं.”

सर्वप्रथम त्यांनी मला आत बसवून बटण दाबायला सांगितले आणि स्वतः फ्यूजच्या डब्यावर बोट ठेवून उभे राहिले. रिलेची, म्हणजे बटणाच्या छोट्या प्रवाहावर हॉर्नचा मोठा प्रवाह चालू करणाऱ्या विजेच्या स्विचची, टिकटिक बोटाला स्पष्ट लागत होती. याचा अर्थ स्टिअरिंगवरचे बटण, चाकाबरोबर फिरणारी क्लॉक स्प्रिंगची पट्टी आणि रिलेचे वेटोळे ही सगळी साखळी शाबूत होती. रिले टिकटिकत नसती तर शोध त्या दिशेने गेला असता. एअरबॅगचे तारही त्याच पट्टीतून जात असल्याने हॉर्न बंद पडण्याबरोबर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागला, तर तिकडेच बोट दाखवावे. मात्र ते काम बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून, जाणकारानेच करायचे असते. आमच्याकडे तो दिवा लागला नव्हता.

यानंतर त्यांनी जे केले ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाजणाऱ्या हॉर्नवर मीटर लावले तर आतला सांधा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करत असल्याने आकडा नाचत राहतो. म्हणून त्यांनी हॉर्न बाजूला ठेवला, खणातून जुना हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब काढला आणि त्याची एक वायर हॉर्नच्या कपलरला, दुसरी हॉर्नच्या, गाडीला बोल्टने आवळलेल्याच ठेवलेल्या, लोखंडी पट्टीला जोडली. हॉर्नला लागते साधारण तेवढाच प्रवाह हा बल्ब घेतो, शिवाय स्थिर घेतो. मी बटण दाबले. बल्ब रॉकेलच्या चिमणीसारखा पिवळट पेटला. इंजिन बंद होते. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.४ व्होल्ट होते, बल्बच्या टोकांवर अवघे ८.५. गेलेल्या ३.९ व्होल्टचा हिशेब त्यांनी दोन मापांत लावला. बॅटरीच्या धन टोकापासून कपलरपर्यंत ०.७ व्होल्ट खर्च होत होते आणि त्या लोखंडी पट्टीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ३.२. पट्टी गाडीच्या पत्र्याला जोडलेली आहे असे डोळ्यांना दिसत होते. मीटरच्या मते ती पत्र्यापासून सव्वातीन व्होल्ट लांब होती.

दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवला तेव्हा तो फिरण्याऐवजी आधी चुरचुरला. वॉशरखाली गंजाच्या पापुद्र्यांची चळत साचली होती, भाकरी करपून तव्याला धरावी तशी. नखाने एक पापुद्रा उचलला की त्याखाली दुसरा. पट्टीच्या ज्या बाजूने पत्र्याला टेकायचे, तिथे तिसऱ्या हॉर्नबरोबर आलेला काळा रंग जसाच्या तसा होता. म्हणजे दोन्ही वेळा नवा, रंगवलेला हॉर्न जुन्या गंजावर नुसता आवळण्यात आला होता आणि वीज परतत होती ती बोल्टच्या आट्यांतून, मिळेल त्या फटीने. उन्हाळ्यात आवाज का सुधारत असे, याचा उलगडाही त्यातच होता. गंज कोरडा झाला आणि बोल्ट एकदा आवळला गेला की दोन-चार आटे उघड्या लोखंडाला भिडत.

हॉर्न का मेले

तिसरा हॉर्न मी घरी आणला, कडेच्या रिव्हेट ड्रिलने उडवल्या आणि उघडला. रचना साधी असते. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याच्यासमोर पातळ पोलादी पडदा, पडद्याच्या मध्यावर एक जाड लोखंडी गुटका आणि त्याच्या शेजारी एका पट्टीवर बसवलेली सांध्याची दोन टिकल्यांची जोडी. प्रवाह आला की वेटोळे गुटक्याला ओढते. गुटका पूर्ण खाली आला की तोच पट्टीला ढकलून टिकल्या विलग करतो. प्रवाह तुटतो, पडदा उसळून परत जातो, टिकल्या पुन्हा भिडतात. हे चक्र सेकंदाला चारशे-पाचशे वेळा चालले की त्याला आपण हॉर्न म्हणतो.

आठ-साडेआठ व्होल्टवर नेमका बिघाड इथे होतो. ओढ अपुरी पडते, गुटका अर्ध्यावर थांबतो, टिकल्या विलग होतच नाहीत, आणि वाजण्याऐवजी वेटोळे एखाद्या शेगडीसारखे नुसते तापत राहते. प्रवाह फ्यूज उडण्याइतका मोठा नसतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. टिकल्या मधूनच अर्धवट विलग झाल्या की त्यांच्यावर ठिणगी पडते. माझ्या हॉर्नमधल्या टिकल्या काळ्या पडल्या होत्या. एकीवर खड्डा आणि दुसरीवर त्याच मापाचा उंचवटा तयार झाला होता. पाठीवरचा जो स्क्रू पिळून आवाज वाढवला होता तो याच टिकल्यांमधला दाब बदलणारा स्क्रू होय. म्हणजे दमलेल्या बैलाला खायला घालायचे सोडून त्याला पराणी टोचण्यात आली होती.

हॉर्न गेला होता हे दोन्ही गॅरेजांचे म्हणणे, या अर्थी, बरोबरच होते. तो का गेला हे विचारण्याचे राहून गेले.

दुरुस्ती की सुधारणा

बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, नवा बोल्ट आवळला. फ्यूजच्या पायांवर आणि कपलरमध्ये हिरवट थर होता, तो साफ केला. पुन्हा तोच बल्ब लावला तेव्हा परतीच्या बाजूची घट ३.२ वरून ०.१ व्होल्टवर आणि येण्याच्या बाजूची ०.७ वरून ०.४ वर आली. बल्बला आता ११.९ व्होल्ट मिळत होते आणि त्याच्याकडे बघवत नव्हते. त्यांनी दुकानातला एक साधा नवा हॉर्न टेकवून वाजवून दाखवला. तो २०१५ च्या मूळ हॉर्नइतका खणखणीत वाजला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. प्रकरण इथेच संपवता आले असते. एक हॉर्न, एक बोल्ट आणि अर्ध्या तासाची मजुरी यांत गाडी पूर्वस्थितीला आली होती. पुढची जोडी बसवणे ही गरज नव्हती, ती माझी निवड होती आणि तिचे कारण धुके हे होते. शहरातल्या शहरात गाडी फिरवणाऱ्याला मी हा खर्च सुचवणार नाही.

दोन हॉर्न म्हणजे दुप्पट आवाज असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. सारख्या ताकदीचे दोन हॉर्न एकत्र वाजले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबल लागतात. जोडीचा खरा फायदा सुरांत आहे. बाजारातल्या शंखाकृती जोडीत बहुधा एक हॉर्न ४०० हर्ट्‌झच्या आसपासचा आणि दुसरा ५०० च्या आसपासचा असतो. चारास पाच हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार. एकट्या चकतीचा चिरका सूर वारा, पाऊस आणि डिझेल इंजिनाच्या घरघरीत विरतो. हा जोडसूर वेगळा ओळखू येतो आणि कानाला बोचतही नाही. हॉर्नमधून भारतीय वाद्यांचेच सूर निघावेत असा विचार केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिक येथे बोलून दाखवला होता. बासरी-तबला अजून आलेले नाहीत, पण सा आणि ग तेवढे सध्याही दुकानात मिळतात.

दुकानात इतरही बरेच काही मिळते. ट्रकचा प्रेशर हॉर्न आणि सात-आठ सुरांचा म्युझिकल हॉर्न मला आग्रहाने दाखवण्यात आले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा अवाजवी कर्कश, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न वाहनाला बसवता येत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन अशा वाहनांपुरता अपवाद आहे. एकाच वेळी दोन सूर वाजवणारी जोडी या मनाईत बसत नाही, कारण तिथे सुरांची मालिका नसते. बसवलेला हॉर्न कायदेशीर असला तरी तो विनाकारण किंवा सतत वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-एफ खाली पहिल्यांदा एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार रुपये दंड आहे, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे.

बसवणी

शंखाकृती हॉर्नची जोडी मिळून दहा अँपिअरपर्यंत प्रवाह घेते. गाडीची मूळ वायर एका चकतीच्या हिशेबाने घातलेली असते. दुकानातल्या मुलाचे म्हणणे ‘डायरेक्ट जोडा, चालतंय’ असे होते आणि ते खोटे नाही, काही दिवस खरोखरच चालते. पण मग येण्याच्या बाजूची घट दुपटीहून वाढते आणि आपण पैसे खर्च करून पुन्हा २०२२ सालात जाऊन उभे राहतो. म्हणून वेगळा रिले घातला. मूळ हॉर्नला येणारी वायर रिलेच्या ८६ क्रमांकाच्या टोकाला आणि ८५ पत्र्याला जोडले. त्या वायरीला आता फक्त रिलेचे वेटोळे चेतवायचे आहे, ज्याला अँपिअरचा पाचवा हिस्साही पुरतो. बॅटरीच्या धन टोकापासून अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर ३० ला आणली आणि ८७ वरून दोन्ही हॉर्नकडे नेली. या नव्या वायरीचा २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच बसवला. तो रिलेजवळ बसवला असता, तर मधल्या वायरीचे आवरण घासून ती पत्र्याला चिकटल्यावर तिला अडवणारे काहीच उरले नसते आणि हॉर्नपायी गाडी पेटली असती. दोन्ही हॉर्नची परतीची वायर वेगळी काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. गाडीच्या पत्र्यावर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही, हा माझा हट्ट होता. इलेक्ट्रिशियनकाकांच्या मते घासलेला बोल्ट पुरेसा होता, आणि त्यांचे बहुधा बरोबर असावे. मूळ वायर कुठेही कापली नाही. जुन्या कपलरमध्ये बसेल असे टोक लावले, जेणेकरून उद्या जोडी काढून एकच हॉर्न लावायचा झाला तरी पाच मिनिटांत लावता येईल.

जागेचा प्रश्न वायरिंगपेक्षा अवघड निघाला. शंख चकतीहून जाड असतो आणि मूळ जागी ठेवल्यावर तो एसीच्या कंडेन्सरला टेकत होता. धावत्या गाडीच्या हादऱ्यांनी त्याने कंडेन्सरच्या नळीला भोक पाडले असते. शेवटी पुठ्ठ्याचा शंख कापून जागा शोधत बसलो. एक डाव्या हेडलाइटखाली आणि दुसरा उजव्या बाजूला, गाडी ओढण्यासाठी असलेल्या टो-हुकाच्या वर बसला. तोंडे खाली आणि किंचित पुढे वळवली. शंख वर तोंड करून बसवला तर कोकणातल्या पहिल्याच पावसात त्याचा तांब्या होतो. रिले बॅटरीच्या उंचीवर, टोके खाली करून लावला. कपलरमध्ये शिरण्याआधी प्रत्येक वायरीला काकांनी मुद्दाम झोळ ठेवला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी कपलरमध्ये न शिरता झोळाच्या तळातून पागोळीसारखे खाली गळते. तयार किटमधल्या वायरी नीटनेटक्या ताणून बांधलेल्या असतात. त्या दिसतात छान, पण पाण्याला थेट सांध्याची वाट दाखवतात.

जोडी ११५० रुपये, रिले आणि वायरींचे सामान ४५०, मजुरी ४०० असा दोन हजारांचा खर्च आला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ आणि हॉर्न वाजताना त्यांच्या टोकांवर सरासरी १३.८ व्होल्ट मिळाले.

वर्षानंतर

जून २०२५ मध्ये, पाऊस धरल्यावर पहिल्याच आठवड्यात, मी स्वतः तोच ५५ वॅटचा बल्ब मागून आणून मोजणी केली. डावीकडची एकूण घट ०.३ व्होल्ट होती, बसवली तेव्हा होती तेवढीच. उजवीकडे ती ०.६ निघाली. कपलर काढून पाहिला तेव्हा पितळी टोकावर हिरवट पूड धरू लागली होती, कारण त्या एका वायरीचा झोळ घरी बंपर धुताना मीच वर सारून ठेवला होता. टोक घासले, ग्रीस लावले, झोळ पूर्ववत सोडला, आकडा ०.३ वर आला. मुसळधार पावसात घाट उतरल्यावर पहिल्या दाबाला हॉर्न घशात पाणी अडकल्यासारखा गुळण्या करतो आणि दुसऱ्या दाबाला मोकळा होतो. तोंड आणखी पाच-सात अंशांनी खाली वळवले तर तेही थांबेल असे वाटते, पण त्यासाठी बंपर उतरवावा लागेल. ते काम पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरले आहे.